बारा व्होल्टचा कॉम्प्युटर

२२ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून शेडवर गेले. घरी बसून तरी काय करणार. पैठण रोडला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, चितेगाव येईपर्यंत स्कूटरवर नुसती धूळ खाल्ली. आधी शेडचं कुलूप काढलं की सोल्डरच्या धुराचा वास यायचा. आता बंद खोलीचा येतो.

डॉ. साळवेंच्या व्हॅनसाठी केलेला सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवायचा बोर्ड, लावून बसले. त्यांची गाडी गावोगाव डोळे तपासत फिरते. आत कॉम्प्युटर, त्याला डोळ्याचा फोटो काढायचा कॅमेरा. सगळं बॅटरीवर. आजवर इन्व्हर्टर होता, बारा व्होल्टचे दोनशे तीस करायचा आणि अडॅप्टर परत खाली आणून एकोणीस करायचा. या जाण्यायेण्यातच बॅटरीचा जीव जायचा. वर इन्व्हर्टरची घरघर फोटोत रेघा होऊन उतरायची. माझा सप्लाय सरळ बाराचे एकोणीस करतो. मधला धिंगाणाच नाही.

पूर्ण लोड टाकला. एकोणीस म्हणजे एकोणीस, काटा हलला नाही. "बघ गं," म्हणून मान वळवली. समोरचं स्टूल रिकामं.

दसऱ्यापासून रिकामं आहे, तरी मान वळतेच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

रोजा सुटायच्या थोडं आधी नफीसाचा फोन. (पुढं नुसतं न. लिहीन. हात दुखतो.)

"शैला, कुछ खाई क्या तू?"
"अजून नाही. शेडवरच आहे."
"इत्ते टाइम तक? अकेली?"

अकेली हा शब्द तिचा. मी तो वापरत नाही.

मागं जुळी रडत होती. तिच्या मुलाच्या, इम्रानच्या बायकोला जुळं झालं म्हणून न. हैदराबादला गेली, "दो महिने में आती" म्हणून. आम्ही दोघी इथल्याच एका कंपनीत टेस्टिंगला होतो. कंपनी बंद पडली तेव्हा सगळ्यांनी घरी बसायचं ठरवलं, आम्ही ही शेड घेतली. मी आकृती काढायची, हिशोब करायचा. तिनं कॉइल गुंडाळायची, बोर्ड जोडायचा, तपासायचा. वीस वर्षं तर झालीच असतील. लग्न मी केलं नाही, तिचा नवरा लवकर गेला. लोक म्हणायचे, या दोघींचा संसार त्या शेडमधी. आम्ही हसायचो.

सप्लाय छान झालाय हे सांगायचं होतं. अजान झाली, तिनं फोन ठेवला.

२७ फेब्रुवारी, शुक्र.

व्हॅनमधी बसवून दिला. फोटो एकदम स्वच्छ, एक रेघ नाही. डॉ. साळवे म्हणाल्या, "मॅडम, हे आधीच का नाही भेटलात?" बाई तरुण आहे, चटपटीत. ड्रायव्हर भानुदास, दौलताबादकडचा, घरी मेंढरं. तो बोर्डाकडं बघून म्हणाला, "एवढुश्यानं चालंल व्हय?"

चालंल, म्हटलं.

येताना गुलमंडीवर उतरून स्वतःसाठी पावशेर जिलेबी घेतली. अर्धी उरली.

२ मार्च, सोमवार

नाही चालला.

डॉ. साळवेंचा फोन. कॅम्पच्या मधेच कॉम्प्युटर धाडकन बंद. चालू केला, परत बंद. म्हाताऱ्याकोताऱ्या बायका डोळ्यात औषध घालून बसलेल्या, त्यांना तसंच घरी पाठवलं. एक बाई पार डोंगरापलीकडून चालत आली होती. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "आठवड्यात नाही झालं तर जुना इन्व्हर्टर परत लावते," एवढंच.

बोर्ड सोडवून आणला.

४ मार्च, बुध.

टेबलावर काही होत नाही. गरम केला, थंड केला, ठोकून बघितला, लोड एकदम टाकला, एकदम काढला. पठ्ठ्या हलत नाही.

न.ला फोन लावला. असं काही अडलं की आम्ही दोघी मोठ्यांदा बोलायचो. उत्तर बहुतेक बोलता बोलता माझंच मला सापडायचं, पण समोर कुणीतरी ऐकायला लागतं.

"न., गाडीत बंद पडतोय. इथं पडत नाही."
"हौ."
"इनपुट पडत असंल का गं?"
"हौ, हौ... ए, उसकू पाणी नको देओ!... बोल तू."
"काही नाही. करते मी."
"नाराज नको हो शैला."
नाराज नाही, म्हटलं. आणि फोन ठेवून कितीतरी वेळ स्क्रू एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकत बसले. तिनं बोर्डाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. कसला बोर्ड, केवढा, कॉइल कोणी गुंडाळली. कॉइल मी गुंडाळली, वेडीवाकडी. तिला त्याचं काहीच...

जाऊ दे.

७ मार्च, शनि.

बोर्ड परत गाडीत बसवला आणि भानुदाससोबत दौलताबादला गेले. टेबलावर होत नसंल तर जिथं होतं तिथं जायचं, एवढी अक्कल यायला एवढे दिवस लागले.

किल्ल्याखाली एका शाळेच्या आवारात कॅम्प. पोरांना सुट्टी. मी मीटर घेऊन गाडीच्या फरशीवर आडवी. बाहेरून बायकांची कुजबुज, "कोण गं ही, लोळतीय?" भानुदास म्हणाला, "इंजनेर हायेत त्या. गप ऱ्हावा."

त्याला म्हटलं पंखा चालू कर. केला. मीटर बारावरून सरळ अकराच्या खाली. फोटोचा फ्लॅश उडाला, आणखी खाली. मग एकदम सगळं बंद, आणि अंधारात डॉ. साळवेंचा उसासा.

बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली, कॉम्प्युटर पार मागं. मधली वायर सुतळीएवढी. आणि परतीची वायर तर बॅटरीपर्यंत जातच नाही. कुणीतरी ती गाडीच्या पत्र्याला एका बोल्टनं अडकवलेली, खाली रंग तसाच, म्हणजे जोड कच्चा.

"ह्यो बोल्ट का?" भानुदास. "म्या तर त्याला डबा टांगतो."

८ मार्च, रवि.

कारण आता पक्कं. बॅटरीवरचा सप्लाय इतर गोष्टींसारखा नसतो. व्होल्टेज पडलं की बल्ब मंद होतो, कमी ओढतो, भागवून घेतो. हा भागवून घेत नाही. याला पुढं एकोणीस द्यायचेच असतात, म्हणून मागं पडलं की हा जास्त ओढतो. जास्त ओढला की वायरीत आणखी पडतं. आणखी पडलं की आणखी ओढतो. शेवटी बॅटरी फार उतरू नये म्हणून बोर्डातच ठेवलेलं कुलूप लागतं आणि सगळं ठप्प. माझ्या टेबलावर वायर हातभर आणि जाड, तिथं हे दिसणारच नव्हतं.

दोन्ही वायरी जाड घेतल्या, थेट बॅटरीपासून. बोर्डाच्या तोंडाशी मोठा कपॅसिटर, म्हणजे झटका तो सोसंल. कुलूप लागायच्या आधी थोडा दम धरावा अशीही सोय केली. दिवसभर जीव ओतला.

संध्याकाळी बसवला. पंखा, फ्लॅश, गाडीचं स्टार्टर, सगळं एकदम. चालू राहिला. भानुदासनं टाळी दिली. मी घेतली.

घरी आले, हातपाय धुतले, वरणभात लावला. सांगायला कुणी नव्हतं म्हणून इथं लिहिते. सापडलं. मी शोधलं.

११ मार्च, बुध.

वाळूजची कंपनी. मागं एकदा विचारलं होतं, आज परत बोलावलं. मोठी इमारत, काचा, थंडगार. त्यांना बॅटरीवरचे सप्लाय करायचेत आणि त्यासाठी मी हवी. डिझाईन बघायचं, हाताखाली पोरंपोरी. साहेब बोलायला चांगला. "तिथं एकट्यानं किती दिवस करणार मॅडम?"

एकच अट. शेड चालू ठेवायची नाही, भागीदारी मोडून यायचं. भागीदारी मोडायची तर दोघींच्या सह्या.

कॅन्टीनमधी जेवायला बसवलं. मोठं टेबल, सगळे एकत्र जेवतात, एकमेकांच्या डब्यात हात. कुणीतरी मला लोणचं वाढलं. इतक्या महिन्यांत प्रथमच जेवताना शेजारी माणूस होतं. वाटलं, इथंच सही करून टाकावी.

१४ मार्च, शनि.

न.ला सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा है ना. ले ले."
"तुला काही वाटत नाही?"
"मेरेकू क्या वाटणार. ईद के बाद आती मैं, सही करने."

सही करायला. बघायला नाही, बसायला नाही.

१९ मार्च, गुढीपाडवा

गंगापूरला दादाकडं. वहिनीनं पुरणपोळी केली. दादा, "ये की इकडं राहायला. खोली पडून आहे." दरवर्षी म्हणतो, मनापासून म्हणतो. पण त्या खोलीत कांदे असतात, आणि मी गेले की त्यांना कांदे हलवावे लागतात.

संध्याकाळच्या जीपनं परत.

२१ मार्च, शनि.

ईद. शिरखुर्म्याचा डबा आला नाही. येणार कुठून. शेवया आणल्या, दूध आटवलं, करून बघितला. न. त्यात खारीक घालते का नाही आठवेना. फोन करून विचारता आलं असतं. मुबारक म्हणायला लावला, तेव्हा विचारायचं राहूनच गेलं. तिच्याकडं पाहुणे होते.

२७ मार्च, शुक्र.

न. आली. हैदराबादहून येणारी काचीगुड्याची गाडी, स्टेशनवर घ्यायला गेले. मी डब्यासमोर उभी, हात हलवतेय, आणि ती माझ्या अंगावरून पुढं निघून गेली. "अगं ए!" म्हटल्यावर वळली. हसली. "गर्दी में दिखी नै तू." गर्दी काही नव्हती.

केस पांढरे झाले. मेंदी लावणं सोडलं वाटतं.

माझ्या घरीच उतरली. चहा झाल्यावर कागद पुढं ठेवले. मला वाटलेलं, वाचंल, दोन गोष्टी विचारंल, भांडंल तरी. कागदाला हात लावला, म्हणाली, "कहाँ करूँ?" मी बोट ठेवलं तिथं केली. एक ओळ वाचली नाही. वीस वर्षांवर सही, आणि वाचलंसुद्धा नाही.

मी आत जाऊन भाकरी थापत बसले. बाहेरून म्हणाली, "तू भी कर दे ना." उद्या करते म्हटलं.

२८ मार्च, शनि.

लिहायला हात चालत नाही, पण लिहिते.

डॉ. साळवेंचा कॅम्प होता, बोर्ड नीट चालतोय का बघायला मला जायचंच होतं. न.ला म्हटलं चल, आपला सप्लाय तर बघ. नको नको करत आली. भानुदासनं दोघींना पुढं बसवलं, तिला म्हणाला, "तुमी बी इंजनेर का?" ती म्हणाली, "नै बाबा, मैं टाँके मारती." सोल्डरच्या जोडांना ती टाँके म्हणते. मी म्हटलं, हिनंच सगळं केलेलं असतं, मी फक्त रेघा ओढते.

कॅम्प उरकत आला तेव्हा डॉ. साळवे म्हणाल्या, या ना, तुमच्याही डोळ्याचा फोटो काढते. मी बसले. पडद्यावर माझा डोळा, नारिंगी गोळा, लाल शिरा, स्वच्छ. मग न.ला म्हटलं बस. "नको, जाने दे, उशीर होतोय." मी हाताला धरून बसवली. "बस गं. आपल्या सप्लायवर आपलाच डोळा."

फोटो आला. नुसतं धुकं. काहीच नाही. परत काढला, धुकं.  म्हटलं गेलं, बोर्ड गेला, व्होल्टेज पडलं. मीटर काढला, वाकले, टोकं लावली. एकोणीस.

"सप्लाय ठीक आहे मॅडम," डॉ. साळवे हळू म्हणाल्या. "फोटोही ठीक आहे."

दुसरा डोळा. तोही तसाच, जरा कमी.

"मोतीबिंदू आहे मावशी. बराच वाढलाय. कधीपासून कमी दिसतंय?"

न. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, कॉइल गुंडाळायची तसं, एकावर एक, सारखं. मग म्हणाली, "दो साल हुए होंगे."

दोन वर्षं. त्यातलं दीड वर्ष ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून.

२९ मार्च, रवि.

सकाळी ती म्हणाली शेडवर ने. नेली. स्टूल हातानं चाचपून बसली. आता मला दिसत होतं, ती प्रत्येक गोष्ट आधी हातानं बघते.

"का सांगितलं नाहीस?"
"क्या सांगती? टाँका दिखता नै बोलके? फिर मैं इधर किस काम की?"
"अगं ऑपरेशन होतं याचं. साधं असतं."
"अम्मीका हुआ था. आँख गई उनकी." तिनं हे आजवर मला सांगितलं नव्हतं. "डर लगता शैला."

मग म्हणाली, "और तेरेकू मालूम हो गया था."
"मला? काय?"
"मैं घर गई के तू मेरे टाँके दुबारा मारती थी."

 हो, मारायचे. शेवटच्या वर्षात तिचे जोड कच्चे यायला लागले होते. मला वाटायचं घरच्या काळजीत आहे, मन नाही लागत. बोलून दुखवायला नको म्हणून ती गेली की गुपचूप सोल्डरची इस्त्री गरम करायची, सगळे परत करायची. तिला कळणार नाही अशी खात्री होती.

"सुबह आके उँगली फिराती थी मैं," ती म्हणाली. "गोल-गोल, चिकने. मेरे वैसे रहते क्या? बारीक बारीक नोक रहती मेरे टाँके कू. मैं सोची, शैला बोलती नै, पर उसकू अब मेरी जरूरत नै. इम्रान बुलाया, तो चली गई."

म्हणजे तिथं जुळं रडत होतं ते खरं, पण ती त्यासाठी गेली नव्हती. आणि मी इथं रोज मान वळवून रिकाम्या स्टुलाशी...

"तू बोलली का नाहीस?" मी.
"तू बोली क्या?"

 शेजारच्या शेडमधली लेथ चालू होती. मी चहा केला. तिच्या हातात कप देताना पहिल्यांदा नीट धरून दिला, तिची बोटं कपाच्या कानाला लागेपर्यंत सोडला नाही. तिला कळलं. "इत्ता भी नै गई आँख," म्हणाली आणि हसली. मग दोघीही लई हसलो, आणि मधेच कधीतरी ते हसणं राहिलं नाही.

३१ मार्च, मंगळ.

गेली. इम्रानशी मीच बोलले. पोराला काहीच माहीत नव्हतं. ऑपरेशन तिकडंच, तो रजा काढतोय. म्हणाला, "खाला, अम्मी किसीको बताती नै." मी म्हटलं, आम्ही कुणीच सांगत नाही रे.

मी सोबत येते म्हटलं तर न. नको म्हणाली. "तू आई तो मैं रोती. रोना मना है, डाक्टर बोले." ऑपरेशनचा डॉक्टर तिला अजून भेटलाच नाही.

गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात हलवला. मी होते त्याच्या जरा डावीकडं.

३ एप्रिल, शुक्र.

डॉ. साळवेंना आणखी गाड्यांसाठी तसेच सप्लाय हवेत. पावसाळ्याआधी. "जमेल ना?" एकटीनं जमणार नाही. विचार करून सांगते म्हटलं.

घरात टेबलावर कागद. तिची सही आहे, जरा ओळीच्या वर गेलेली. माझी जागा कोरी.

६ एप्रिल, सोम.

वाळूजहून फोन. काय ठरलं मॅडम. थोडे दिवस द्या म्हटलं. साहेबाचा आवाज बदलला. "थोडे म्हणजे? आमच्याकडं दुसरे पण लोक आहेत." आहेत तर असू दे असं तोंडावर आलं होतं. म्हटलं नाही. ते लोणचं, ते भरलेलं टेबल आठवलं. मला तेही हवंय, खोटं कशाला बोलू. नुसतं तत्त्वावर माणूस किती दिवस एकटं जेवणार.

शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाले.

९ एप्रिल, गुरु.

आज न.चं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. सकाळपासून शेडवर कामाला हात लागला नाही. कॉइल घ्यायची, अर्धी गुंडाळायची, उलगडायची. दुपारी इम्रानचा फोन, नीट झालं. मग तिला दिला. आवाज दबका, पण तिचाच.

"पट्टी है. कल खोलते."
"दुखतंय?"
"नै. खुजाता. हात बाँधू क्या बोलता ये इम्रान." मग, "तू सही करी क्या?"
"नाही अजून. उद्या सांगायचंय त्यांना."
"मेरे वास्ते नको रुक."
"तुझ्यासाठी नाही."

 मागं एक जुळं नुसतंच आं-आं करत होतं.

"न., पट्टी निघाल्यावर येशील का? इथं?"



"पैले देखने तो दे, शैला," म्हणाली. "पैले ये तो देखूँ के दिखता क्या."